वर्गात गप्प बसणारी पोरगी

भाषेचा अभ्यास करणारा कोणी पाहुणा येणार असं कळलं, आणि आम्ही शाळेतली भाषा झाडून-पुसून घेतली. हसू नका. तपासणी आली की आम्ही भिंती रंगवतो, मग जिभा काऊन सोडायच्या? छत्तीसगढच्या सीमेकडे, केशोरीच्या बाजूच्या आमच्या छोट्या शाळेत मी आठ दिवस पोरांकडून घोकून घेतलं, "आपले स्वागत असो. आम्ही आनंदात आहोत." कोणी "आमी मजेत आहो" म्हटलं की मी डोळे वटारायची.

एक पोरगी मात्र मी मुद्दाम मागच्या रांगेत बसवली. पहिलीतली. आई छत्तीसगढची, बाप इथला, आजी गोंडी बोलणारी. जूनपासून डिसेंबरपर्यंत तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. काही विचारलं की खाली पाहायची. शेवटी मी हात टेकले आणि तालुक्याच्या दिव्यांग मुलांच्या तपासणी शिबिराचा अर्ज भरला: 'बोलत नाही. आकलन कमी.' सोमवारी तो जायचा होता. एकदा असा शिक्का बसला की पोर त्या शिक्क्यासकट मोठं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी भरला. इतक्या पोरांत एकटी किती पाहू, हे कारण तयारच होतं.

पाहुणा आला. पुण्याकडचा, पोरगेलासा, कागदांपेक्षा भुकेची जास्त काळजी असलेला. त्यानं समजावून सांगितलं की मजुरीसाठी, बाजारासाठी चार भाषांची माणसं एका जागी आली की कामापुरती तोडकीमोडकी बोली तयार करतात. त्यांची पोरं तीच ऐकत वाढतात आणि तिची पूर्ण भाषा करून टाकतात. तिला क्रिओल म्हणायचं. अशा भाषांना शाळांनी 'बिघडलेली' म्हणून दाराबाहेर ठेवलं, आणि भाषेबरोबर पोरंही बाहेर राहिली. "तुमच्याकडची क्रिओलच आहे असं नाही म्हणत मी," तो म्हणाला, "पण मुलं घरी कशी बोलतात, तेवढं ऐकायचंय."

घ्या ऐका! पोरांनी त्याचं स्वागत केलं. त्यानं घरचं काही विचारलं, तर पुन्हा स्वागत केलं. सरपंच "सदरहू गावात" म्हणून सुरू झाले ते थांबेचनात. ज्या आजोबांनी जन्मात कोणाला "कायले आला बे" याशिवाय विचारलं नसेल, त्यांनी छातीवर हात ठेवून "मी आपला ऋणी आहे" म्हटलं आणि दमून खाली बसले. पाहुण्याचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र बक्षीस मिळाल्यासारखी मिरवत होते.

वैतागून तो खिचडीच्या शेडमध्ये गेला. शिजवणाऱ्या मावशीला विचारून रेकॉर्डर खिडकीत ठेवला आणि ताट घेऊन बसला. दुपारी माझ्यासमोर आला. "मॅडम, ही मुलगी कोण?" म्हणाला आणि बटण दाबलं.

"मावशी, आमच्या कोंबडीनं दारूसाठी भिजवलेले मोहफुलं खाल्ले न वो! मंग पायच टेकेना तिचा. आजी तिले उभी करून राहिली, अन ते पडून राहिली!"

पुढे आईची छत्तीसगढी आली, टीव्हीची हिंदी आली, आजीच्या शिव्या बहुतेक गोंडीत होत्या. पोरगी कुठे म्हणून अडखळली नाही. मावशी हसून हसून खोकत होती. मग तिनं विचारलं, "अन वर्गात काऊन नाई बोलत वो?"

तर त्या कार्टीनं माझा आवाज काढला. हुबेहूब! "असं नाही बोलायचं! नीट बोला! वाक्य पूर्ण करा!" मराठी इतकी शुद्ध की मलाही कधी जमली नसेल. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "मंग गुमान बसलेलं बरं."

मला राग आला. आधी पोरीचा, मग पाहुण्याचा, आणि शेवटी जिचा यायला हवा होता तिचा, म्हणजे माझाच. मी धानाच्या शेतात, बांधीत वाढलेली. नागपूरला कॉलेजात "मी जाते आहे"च्या जागी "मी जाऊन राहिली" म्हटल्यावर अख्खा वर्ग खिदळला होता. त्या दिवसापासून घरचं बोलणं मी घरीच ठेवलं, आणि पुढं पुढं घरीही आवरतं घेतलं. लाज माझी होती, अन शिक्षा मी या चिमुरडीला देत होते. पाहुण्यासमोरच मी कपाट उघडलं आणि अर्ज फाडला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ खाली सतरंजीवर बसले. जीभ जड झाली होती, खोटं कशाला सांगू. "काय वो," मी म्हटलं, "तुमची कोंबडी उठली का नाई मंग?"

तिनं मला नीट न्याहाळून घेतलं.

"उठली," म्हणाली. मग जरा जवळ सरकली. "बाई, तुले येते असं बोलता?"

"येते न."

"मंग इतके दिवस काऊन नाई बोलली?"