देवरामदादांची टोपली

आमच्या घराने ज्यांना कोंबडीचोर ठरवलं, ते देवरामदादा आज सकाळी गेले.

खरं सांगते, हे लिहायचा कंटाळा आलाय. इतकी वर्षं मनात घोळवून घोळवून दमलेय. पण आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

नव्वदच्या दशकातलं नाशिकचं सातपूर. बाबा कंपनीत शिफ्टला, मी सातवीत. घरामागे आईच्या दोन कोंबड्या आणि एक कोंबडा.

भिंतीपलीकडे बिल्डिंगचं काम चालू होतं. तिथे पत्र्याच्या खोलीत देवरामदादा राहायचे, साइटचे वॉचमन. पेठ तालुक्यातले.
आज दादा म्हणतेय. तेव्हा घरात सगळे 'तो देवराम' म्हणायचे. मीसुद्धा.

त्या श्रावणात आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली. म्हणजे अंडी बंद, नुसतं पिसं फुगवून बसून राहायचं.

आईला पिल्लं नको होती, अंडी हवी होती. खुडूक मोडायला म्हणून तिने तांबडीला बादलीतल्या गार पाण्यात बुचकळलं.
दुसऱ्या बुडीला तांबडी हातातून निसटली आणि भिंतीवरून पलीकडे.

आम्ही दोघी साइटवर वाळूत, विटांत, पायपांत शोधून दमलो. नाही मिळाली.

संध्याकाळी पत्र्याच्या खोलीतून कालवणाचा वास आला. त्यात श्रावणी सोमवार, आईचा उपास.

"आई, देवरामकडे रस्सा शिजतोय."
हे सांगणारी मी.

आई तरातरा गेली. मी मागे.

"काय शिजवतोयस रे?"
"खेकडं हायेत वहिनी, गावाकडनं आणलेलं. बघा ना, झाकण काढतो."
"श्रावणात मला दाखवतोस? लाज नाही वाटत?"

झाकण काढायचा अवकाश होता. पण उपासाच्या दिवशी आई त्या पातेल्यात डोकावणार नव्हती. न बघताच ती परत आली आणि न बघताच तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिने ठेकेदाराला सांगितलं. आठवड्याच्या आत दादांचं काम गेलं. ते देवळाली कॅम्पकडे दुसऱ्या साइटवर लागले.

त्यानंतरही मला ते दिसायचे. संध्याकाळी, भिंतीपलीकडे, सेंट्रिंगच्या फळ्यांजवळ वाकलेले.
"आता दुसरी न्यायला आलाय," मी आईला सांगितलं.
हेही मीच.

गणपतीच्या आदल्या दिवशी मागचं दार वाजलं. दादा उभे. डोक्यावर बांबूची टोपली, वर फडकं.

फडकं काढलं तर आत तांबडी. आणि तिच्या पंखाखालून डोकावणारी पिल्लं.

"नऊ हायेत वहिनी. दोन अंडी नाय फुटली."

ती बया कधीपासून चोरून तिकडे फळ्यांमागे अंडी घालत होती. बादलीतून सुटली ती थेट तिथेच जाऊन बसली. आम्ही तिला हाका मारत हिंडलो. दादांनी शोधलंच नाही. ते नुसते बसून राहिले. बसलेली कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते, ती उठली तशी हळूच तिच्या मागे गेले. चौथ्या दिवशीच त्यांना घरटं सापडलं होतं.

आई म्हणाली, "तेव्हाच सांगायचंस ना. काम राहिलं असतं तुझं."

"आन् अंडी?"

आईने पिल्लांकडे पाहिलं.

"बसल्या कोंबडीला उठवू नाय वहिनी. तुम्ही परत बुडवली असती तिला."

म्हणून हा माणूस काम सुटल्यावरही दोन बस बदलून यायचा. तिला दाणे टाकायला. डोक्यावर चोरीचा आळ घेऊन.

आईने टोपली घेतली, "बरं" म्हणाली आणि दार लावलं. चहासुद्धा विचारला नाही. मग ओट्यापाशी उभी राहून खूप रडली. मी म्हटलं, अजून गेटपर्यंतच गेले असतील. पण ती हलली नाही. मला पळत जाता आलं असतं. मीही गेले नाही.

टोपली आमच्याकडेच राहिली.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिस्त. "काहीतरी घालून देते," म्हणायची. दिवाळीला फराळ भरला, आणि परत काढला. "नुसत्या करंज्या देऊन काय तोंड दाखवू त्याला?" संक्रांतीला तिळगूळ, तेच. घर बदललं तेव्हा टोपली सोबत आली. नव्या घरात तिच्यासाठी खिळा ठोकला.

दादांची मुलगी आता इथे नाशकात नर्स आहे. मागे बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी ओळख निघाली, नंबर घेतले. "तुमची कोंबडी आमच्या घरी फेमस आहे," असं म्हणून हसली. मी पण हसले. सॉरी म्हणायची किती सोपी संधी होती ती.

आज तिचाच मेसेज आला.

आईला सांगितलं. ती मग उठली, खिळ्यावरची टोपली काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"गावी देऊन ये."
"यात काय घालू आई?"

"आता रिकामीच ने. घालायचं ते तेव्हाच घालायचं होतं."

देवरामदादा, दुपारच्या पेठच्या गाडीत बसलेय. टोपली मांडीवर आहे.

चूक आमची होती. वास मलाच आला होता.

तुम्हाला मनापासून नमस्कार.