शनीसाठी बंद केलेले कूलर

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. हिंगणीला सासुरवाडीने धोंड्यासाठी बोलावलं, तेव्हा मी कपड्यांच्या पिशवीपेक्षा मोठं खोकं घेऊन गेलो. त्यात दुर्बीण, लॅपटॉप आणि दुर्बिणीला डोळा लावतात तिथे बसवायचा वेबकॅम. माझा हा नाद म्हणजे रिकामटेकडेपणा, असं सासऱ्यांचं मत होतं. ते बोलून दाखवत नसत, तरी मला ते झोंबायचं. यावेळी लॅपटॉपच्या पडद्यावर शनीचं कडं दाखवायचं आणि त्यांचं मत बदलायचंच, असं ठरवून मी गेलो होतो.

दिवेलागणीनंतर स्लॅबवर मांडामांड केली. खाटेवर ऐसपैस बसता यावं म्हणून वेबकॅमला वर्ध्याहून आणलेली लांबलचक यूएसबी वायर जोडली. शनी पडद्यावर आला, थरथरला आणि टुंग असा आवाज होऊन गेला. वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्या पोर्टात लावली. ड्रायव्हर काढला, परत टाकला, लॅपटॉप बंद करून सुरू केला. शनी यायचा, टुंग व्हायचं, पडदा काळा. घाम निथळत होता आणि मी त्या यंत्राला नाही नाही ते बोलत होतो.

नेमके तेव्हाच सासरे जिन्यात येऊन उभे राहिले.

"काय होऊन राह्यलं, जवाईबापू?"

माझी फजिती त्यांनी बघावी, हे मला सहन होईना. "काही नाही, तुमच्याकडे व्होल्टेजचा घोळ आहे," मी ठोकून दिलं. "कूलर चालू असले की असं होतं."

मान हलवून ते खाली गेले. मला हायसं वाटलं.

मग एकदाची अक्कल आली. लांब वायर काढून टाकली, वेबकॅमची स्वतःची आखूड वायर थेट लॅपटॉपला लावली आणि लॅपटॉप दुर्बिणीपाशी उलट्या बादलीवर ठेवला. शनी आला आणि राहिला. दोष त्या लांब वायरीचाच होता. मी हरखून एकामागून एक चित्रण करत सुटलो. कुणाला वर बोलवायचं भानच उरलं नाही. शनी चिंचेआड गेला तेव्हा पाणी प्यायला खाली उतरलो.

अंगणात सगळं घर बसलं होतं. सासूबाई माझ्या तान्ह्या मुलीला सुपाने वारा घालत होत्या. तिची मान घामोळ्यांनी लाल झाली होती. घरातला कूलर बंद, शेजारचा बंद, समोरचाही बंद. गल्लीभर लोक दारात बसून पदराने, वर्तमानपत्राने वारा घेत होते.

"झाला का फोटो?" सासऱ्यांनी विचारलं. "नसन झाला तर बसतो अजून. साऱ्याइले सांगून ठेवलं हाये, जवायाचं काम चालू हाये म्हणून."

"झाला," मी म्हणालो. "पण तुम्ही बघायला वर नाही आलात?"

"तुमी बोलावलं नाई न."

लाजेने मला तिथे उभं राहवेना. झोपताना बायकोला खरं काय ते सांगितलं.

"मंग सांगा न बाबाले," ती म्हणाली. "पोरगी किती रडली, तुमाले ऐकू तरी आलं का?"

"सकाळी सांगतो."

सकाळी मला पाटावर बसवलं. सासूबाईंनी पाणी ओतलं आणि सासऱ्यांनी खाली बसून माझे पाय धुतले, पुसले, मग अनारशांचं ताट पुढे केलं. त्यांचं डोकं माझ्या गुडघ्याशी असताना सांगायचं तरी कसं? मी अनारसा तोंडात घातला.

संध्याकाळी मात्र सगळ्यांना आवर्जून वर बोलावलं. लॅपटॉप बादलीवर ठेवतोय तोच खाली गल्लीतले कूलर एकेक करत बंद होऊ लागले. सासरे कठड्याशी उभे राहून ऐकत होते. टोकाच्या घरातली घरघर थांबली तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"हं, करा आता सुरू."

बायको मुलीला खांद्यावर घेऊन समोरच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून वायर जोडली.