लेकीच्या डोक्यावरची कवड्यांची चुंबळ

आमच्या बंजारा तांड्यात लेकीच्या लग्नासाठी आईच कवड्यांची चुंबळ शिवते. डोक्यावर घागर टेकवायची ती कापडी चुंबळ, सगळीकडून कवड्यांनी मढवलेली, मागं पाठीवर रुळणारी पट्टी. ती डोक्यावर ठेवल्याशिवाय नवरी सासरी निघत नाय.

आता मी चिकलठाण्यात राहते, कंपनीत पॅकिंगला जाते. लेकीचं लग्न ठरलं, तशी शिफ्ट संपली की कवड्या घेऊन बसायचे. कवडीची पाठ घासावी लागते, तेव्हा कुठं सुई आत जाते. शेजारीण म्हणाली, "अगं, गमनं चिकटव ना, झटक्यात होईल." म्हटलं, "बाई, पोरीचं लग्न हाय, गॅदरिंग नाय!"

लग्नाला सगळा तांडा शहरात आला. निघायच्या वेळी चुंबळ हातात घेतली, तर माझी सासू म्हणाली, "तू नको. तुझी थोरली जाऊ ठेवील, ती सवाष्ण हाय."

माझा नवरा वारलेला. म्हणून ही तऱ्हा! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "बोटं माझी सोलली, तवा कुणी इचारलं नाय मी सवाष्ण हाय का म्हणून! ठेवीन तर मीच." जाऊ बिचारी भिंतीला चिकटली.

पाटावरून लेक म्हणाली, "याडीनं ठेवली नाय तर मी उठणारच नाय." आमच्यात आईला याडी म्हणतात. रडू येत होतं, पण रडले नाय. तिथं रडणं म्हणजे हार मानणं.

वाटलं, सासू आता उखडणार. तीही विधवाच, माझ्याआधी कितीतरी वर्षांची. पण तिचा आवाजच बसला. "माझ्या पोरीच्या लग्नात मी चुलीमागं बसले होते. गाणी ऐकू यायची, पोर दिसत नव्हती." मग म्हणाली, "ठेव तू."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी चुंबळीची एक बाजू तिच्यापुढं केली. "उठा, तुम्हीबी धरा."

ती उठली खरी, पण हात पुढं येईना. तिनं मला नाय, नातीला विचारलं, "माझा हात चालंल का गं तुला?"

लेकीनं पदर मागं सारला आणि आजीपुढं मान वाकवली.