अनृता नावाचा अर्थ

विजयमालाच्या टेबलावर कॉम्प्युटरच्या एका बाजूला जाडजूड मराठी शब्दकोश असायचा आणि दुसऱ्या बाजूला संस्कृतचा. आमच्या ऑफिसातल्या चाळीस माणसांत कागदाची पुस्तकं फक्त तिच्याकडे. हडपसरला गाडीतळाच्या थोडं पुढे, टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आमची कंपनी. बाळांची नावं सुचवणारी वेबसाइट चालवते. मी, संस्कृती, इंग्रजी विभागात, ती मराठीत.

ती धाराशिव जिल्ह्यातली, कळंबकडची. बी.ए. करून पुण्यात आली, कॉल सेंटर झालं, एका क्लासमध्ये टायपिंग झालं, मग इथे. धाकट्या भावाला, शुभंकरला, तिनंच इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आणलं. चार वर्षं त्याचा डबा केला, परीक्षांच्या वेळी त्याच्यासोबत जागली. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. शुभंकर आयटीत लागला, त्यानं हडपसरजवळ मांजरी गावात नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, सृष्टीशी लग्न केलं. विजयमाला आणि तिची आई मालनबाई हडपसरलाच भाड्याच्या दोन खोल्यांत राहिल्या.

आमच्या कामात एक नियम होता. दर आठवड्याला नावांची यादी येई. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: अर्थ, मूळ, लोकप्रियता. तिन्ही भरल्याशिवाय यादी पुढे जातच नसे, सिस्टिमच घेत नसे. बाकीचे सरळ 'देवी लक्ष्मीचे नाव' लिहून मोकळे होत. विजयमाला शब्दकोश उघडून बसायची. आमचा मॅनेजर केयूर तिला म्हणायचा, "मॅडम, आपण पीएच.डी. करतोय का?" ती मान वर न करता म्हणायची, "नाही. तुम्ही करू देत नाही."

अशा बाईच्या हातून हे झालं, म्हणून सांगते आहे.

साधारण दोन वर्षांपूर्वी मालनबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. विजयमाला हॉस्पिटलच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. संध्याकाळी पाचपर्यंत यादी द्यायची, शब्दकोश ऑफिसात. यादीत एक नाव आलं: अनृता. तिला वाटलं, अमृता लिहिताना कुणाचं तरी बोट घसरलं. पण अमृता वर होतंच. मग तिनं शब्द स्वतःच फोडला. अन् म्हणजे नाही, ऋता म्हणजे ऋतूशी काहीतरी. तिनं लिहिलं, 'ऋतूंच्या पलीकडची, कधीही न कोमेजणारी.' मूळ: संस्कृत. लोकप्रियता: अत्यंत दुर्मीळ. नंतर बघू म्हणून पुढे चांदणीची (*) खूण टाकली. तेवढ्यात नर्सनं आईला बाहेर आणलं. चांदणी तशीच राहिली.

या फेब्रुवारीत शुभंकरला मुलगी झाली. मांजरीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बारसं होतं, मलाही बोलावणं होतं. पाळणा शेवंतीनं सजवला होता, मागे भिंतीवर एक मोठा फलक कापडानं झाकलेला. नाव सृष्टीच्या माहेराशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. आत्या कानात सांगेल तेव्हाच कळणार, असं सृष्टीनं ठरवलं होतं. विजयमाला जांभळी पैठणी नेसली होती. तिच्या अंगावर मी पहिल्यांदाच पैठणी पाहिली.

शुभंकरनं तिच्या हातात घडी केलेली चिठ्ठी दिली. "ताई, मोठ्यानं वाचू नकोस. आधी तिच्या कानात."

तिनं चिठ्ठी उघडली. मी अगदी जवळ उभी होते. तिच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र थांबले, वीज गेल्यावर पंखा हळूहळू थांबतो तसे. बायका ओरडल्या, "चला, कुर्रर्र!" ती पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. ती उठेना. बायका हसायला लागल्या, "आत्याबाईंना जास्तच लागलं की काय!"

मग फलकावरचं कापड निघालं. गुलाबी अक्षरांत 'अनृता', आणि खाली: 'ऋतूंच्या पलीकडची, कधीही न कोमेजणारी.'

तिनं माझं मनगट धरलं. "संस्कृती," ती पुटपुटली, "हे माझं वाक्य आहे."

मला वाटलं, आनंदानं म्हणते आहे. मी म्हटलं, "अगं, मग किती छान!"

"छान काय! मी ते मनानं लिहिलंय. कुठेही बघितलं नव्हतं."

आम्ही घुगऱ्यांच्या वाट्या घेऊन कोपऱ्यात बसलो. तिला वाटत होतं, अर्थ आपण रचला असला तरी तो चुकीचाच असेल असं काही नाही. घरी जाऊन शब्दकोश बघू. पण घरी जाईपर्यंत थांबावं लागलं नाही. त्याच सोसायटीत तळमजल्यावर दातारबाई राहतात, शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. त्या आमच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आपण आत्या ना? फलकवाल्याकडून पैसे परत घ्या. 'म'चा 'न' केलाय त्यानं."

"नाही, बाई," विजयमाला म्हणाली. "नाव अनृताच आहे."

दातारबाईंनी चष्मा काढला. "अहो, ऋत म्हणजे सत्य. अनृत म्हणजे असत्य. खोटं. मुलीचं नाव 'खोटी' ठेवलंत आपण, आणि वर जेवणही घालताय?"

विजयमालाच्या हातातली वाटी कलंडली. हरभरे पैठणीवर सांडले, तिनं झटकलेही नाहीत. दातारबाईंनाच काही तरी जाणवलं असावं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी मोठ्यानं नाही हं बोलले," आणि बाजूला झाल्या.

पाहुणे गेल्यावर तिनं भावाला आणि वहिनीला खोलीत बोलावून सगळं सांगितलं. बाक, चांदणी, ऋतू, काहीही लपवलं नाही. मी दारात उभी होते.

शुभंकर हसला. त्याला थट्टाच वाटली. "ताई, काहीही काय! आम्ही सात साइटवर क्रॉसचेक केलंय. सगळीकडे सेम मीनिंग."

"सेमच असणार. सगळ्यांनी आमच्याकडून उचललंय. स्वल्पविरामसुद्धा माझाच आहे."

त्यानं मोबाइल काढला. एक साइट, दुसरी, तिसरी. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य, तोच स्वल्पविराम. त्याचा अंगठा थांबला. सृष्टी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "जन्माच्या दाखल्यावर नाव चढलंय, ताई. माझ्या माहेरच्यांनी चांदीच्या वाट्यांवर कोरून आणलंय. मुलगीच होईल असं धरून नऊ महिने मी पोटाशी बोलताना हेच नाव घेतलं." आणि एकदम तिचा आवाज चढला, "तुम्हाला एक फोन करता आला नाही का कुणाला? त्या वेळी?"

बाहेर मालनबाई विचारत होत्या, "काय झालं गं? पोरगी का रडती?" बाळ रडत नव्हतं. सृष्टी रडत होती.

सोमवारी विजयमाला नेहमीपेक्षा लवकर ऑफिसला आली आणि तिनं साइटवर अर्थ बदलायला घेतला. इतक्या दिवसांत तिनं त्या नावाचं पान उघडून पाहिलंच नव्हतं. तिनं मला हाक मारली, ती हाक अशी होती की मी खुर्ची ढकलून धावले. पानाखाली वाचकांचे अभिप्राय होते. 'आमच्या परीचं नाव अनृता ठेवलं, अर्थ वाचून डोळ्यांत पाणी आलं.' 'युनिक नेम, थँक्यू.' 'नाशिकची अनृता आज एक वर्षाची झाली.' खाली जावं तसे येतच होते. मुलीचं नाव ठेवल्याचं सांगणारे तिनं मोजले. एकसष्ट. आणि लोकप्रियतेच्या रकान्यात, जिथे तिनं 'अत्यंत दुर्मीळ' लिहिलं होतं, तिथे सिस्टिमनं आपणहून शब्द बदलला होता: 'झपाट्याने वाढती.'

"एकसष्ट मुली," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "एकसष्ट." मग तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

केयूर आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, पान चांगलं चाललंय. त्याला हात लावू नका. आणि भाषा बदलतच असते, नाही का?"

"भाषा बदलते," विजयमाला म्हणाली. "मी ती बदललेली नाही. मी खोटं लिहिलंय."

तिनं अर्थ बदलला. त्यानं दुपारी जुना अर्थ परत टाकला. तिनं पुन्हा बदलला. तिसऱ्या दिवशी तिचा पासवर्ड चालेना. तिनं त्याच दिवशी राजीनामा दिला, आणि घरून, स्वतःच्या नावानं, एकेका अभिप्रायाला उत्तर लिहायला सुरुवात केली: 'हा अर्थ मी लिहिला होता. तो चुकीचा आहे. मला क्षमा करा.' खाली फोन नंबर. सगळ्यांनी वाचलं की नाही, माहीत नाही. काहींनी शिव्या दिल्या. एकानं लिहिलं, 'तुम्हीच फ्रॉड आहात, इतक्या साइट खोट्या कशा असतील?'

मांजरीच्या घरी विजयमालाशी महिनाभर अबोला होता. शेवटी दातारबाईच वर गेल्या आणि सृष्टीला म्हणाल्या, "नुसतं 'अन्' काढून टाका. ऋता. अर्थ उत्तम आहे, आणि तो मी स्वतः तपासलाय." प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नोंद, महापालिकेच्या चकरा, सगळं शुभंकरनं केलं. नवं नाव ठेवताना पुन्हा पाळणा बांधला नाही. बाळाच्या कानात ते सृष्टीनंच सांगितलं, आंघोळ घालताना. विजयमालाला व्हॉट्सॲपवर कळलं. तिनं मला तो मेसेज दाखवला. दोन शब्दांचा होता: 'ऋता ठेवलं.' ती म्हणाली, "ठीक आहे. मीही असते तर असंच केलं असतं."

मेमध्ये तिला कात्रजहून फोन आला. बाईचं नाव स्वराली. तिची मुलगी दीड वर्षाची. "येऊन भेटता का? फोनवर नाही बोलायचं."

विजयमाला मला सोबत घेऊन गेली. बाई चिडेल, ओरडेल, अशी तिनं तयारी ठेवली होती. स्वरालीनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि मुलीला कडेवर घेऊन समोर बसली. मुलगी पुढच्या दातांनी बिस्कीट चघळत होती.

"हिचे बाबा गेले," स्वराली म्हणाली. "ही चार महिन्यांची असताना. नाव त्यांनीच निवडलं होतं. तुमचं वाक्य त्यांनी त्यांच्या अक्षरात लिहून कपाटाला चिकटवलंय. मी ते काढणार नाही आणि नावही बदलणार नाही. फक्त एवढंच विचारायचं होतं. ही मोठी होऊन शाळेत जाईल, बाई अर्थ विचारतील. तेव्हा हिनं काय सांगायचं?"

मी विजयमालाला इतकी वर्षं ओळखते, शब्दासाठी अडलेली तिला कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "मला माहीत नाही. पण मी शोधते. तोवर मी येत जाऊ का?"

मुलीनं ओलं बिस्कीट विजयमालापुढे धरलं. "या," स्वराली म्हणाली. "रविवारी या. इतर दिवशी मी कामावर असते."