उंबऱ्यावरची गरम भाकरी

आधीच सांगते, मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. हातात पार्ट आला की पहिल्यांदा खोटच शोधायची सवय. भुताखेताच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की, 'राव, पुरावा काय?' असं विचारून मी त्याचा विचका करायचे. आज माझ्याकडेच पुरावा नाही, तेव्हा तुम्ही खुशाल हसा... पण ऐका.

माझे सासरे, म्हणजे आबा, चाकणच्या पुढच्या डोंगराकडच्या एका गावचे. धरण झालं, गाव पाण्यात गेलं. यांचं घर टेकाडावर, म्हणून नेमकं जोतं आणि दगडी उंबरा तेवढा पाण्याबाहेर राहिला. धरण भरलं की त्या टेकाडाचं बेट होतं. आमच्या सोसायटीचं पार्किंगसुद्धा त्याहून मोठं असेल.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. तर त्या बेटावर एकदा जाऊन यायचं, एवढाच आईंचा हट्ट होता. आबा दरवर्षी खेकसायचे, "काय बगायचं तितं? दगडं?" धरणाचा राग त्यांनी असा बायकोवर काढला. दोन वर्षांपूर्वी आई गेल्या. आबांनी त्यानंतर टीव्ही लावला नाही की खाली कट्ट्यावर गेले नाहीत. आणि एक दिवस जेवता जेवता स्वतःच म्हणाले, "संदीप, मला घराकडं न्हे."

संदीप माझा नवरा. धरणाच्या काठी शिडाच्या होड्यांचा एक कॅम्प आहे, तिथे तो होडी चालवायला शिकलाय. पिण्याचं पाणी म्हणून इंजिनाची बोट तिथे चालत नाही. गणपती होऊन गेले होते, कॅम्पचा सीझन सुरू व्हायला अवकाश होता. मालकाने ओळखीखातर होडी दिली. निगडीच्या आमच्या घरून सकाळी निघालो, ऊन असं नव्हतंच, ढग भरलेले. काठावर चिटपाखरू नाही. पाण्यावर आमची एकटीच होडी. मी लाइफ जॅकेट दोनदा तपासलं आणि आबांचं तिसऱ्यांदा, तर आबा म्हणाले, "सूनबाई, मी काय कंपनीतला माल हाय व्हय?" कितीतरी महिन्यांनी ते असे बोलले. मला बरं वाटलं.

बेटावर उतरलो. गुडघाभर गवत, जोत्यावर शेवाळ. आबा पुढे, आम्ही मागे. आणि आबा उंबऱ्याशी थबकले.

उंबरा ओला होता. नुसता दमट नाही — कुणीतरी तांब्याने पाणी ओतावं तसा, ओघळ अजून खाली वाहत होता. आणि उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना भाकरीचा एकेक तुकडा.

आता हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. बाहेरगावाहून माणूस घरी आलं की दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात, मग आत घेतात. आई हे निगडीच्या फ्लॅटमध्येसुद्धा करायच्या. आबा दोन दिवस लेकीकडे राहून आले तरी लिफ्टसमोर उभे करायच्या, शेजारी बघायचे, आणि आबा लाजून लालबुंद!

मी वाकून तुकडा उचलला. तांदळाची भाकरी. गरम. वाफ धरलेली, मऊ. दगड मात्र गारठलेला. फोटो काढायचं सुचलं नाही. सगळे असंच म्हणतात, ठाऊक आहे.

"कोणी मासे धरणारा असेल," संदीप म्हणाला. त्याने बेटाला चक्कर मारली. होडी नाही, चूल नाही, गवतात पाऊलवाटसुद्धा नाही.

आबा मात्र जराही घाबरले नव्हते. त्यांनी वहाणा काढल्या, टोपी नीट केली. "आली बग," म्हणाले. "ओवाळून झालं तिचं. आता आत जायाचं." आणि पाय उचलला.

संदीपने त्यांना पाठीमागून मिठीच मारली. "आबा, नको! आत जाऊ नका! आई गेली, आता तुम्ही पण..." चाळिशीचा माणूस, हुंदके देऊन रडत होता.

आबांचा पाय तसाच वर. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला, उंबऱ्याच्या अलीकडे. रिकाम्या जोत्याकडे बघून म्हणाले, "येतो गं. पोरगं घाबारतंय."

परतताना वारा चांगला होता. आबा पूर्ण वेळ बेटाकडे तोंड करून बसले होते. त्यानंतर रोज विचारायचे, "पुन्यांदा कवा जायाचं?" संदीप म्हणायचा, बघू. मग कॅम्पचा सीझन सुरू झाला, होडी मिळेना. निदान संदीप तसं सांगायचा. मग आबांना लकवा झाला, आणि थंडी संपायच्या आत ते गेले.

जायच्या आधी एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. जीभ जड झालेली, तरी म्हणाले, "जिती व्हती तवा मी तिला न्हेलं न्हाई. तिनं बोलावलं तवा मी ग्येलो न्हाई. दारातनं माघारी आलो, पोरी. तिला काय वाटलं आसंल?"

"आई समजून घेतील, आबा," मी म्हटलं.

"न्हाई," एवढंच म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

भाकरी कुणी ठेवली? आत गेले असते तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही, एक म्हातारा आपल्या जोत्यावर घटकाभर बसला असता. मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही. पण त्यांना आत जाऊ द्यायला हवं होतं, असं मला रोज वाटतं. आणि आपण वडिलांना वाचवलं असं समजून जो कसाबसा झोपतो, त्या माझ्या नवऱ्याला हे मी कधीच सांगू शकत नाही.