दिवेलागणीचं मीठ

गोव्याच्या विमानतळावर बाबांनी मिठाची पिशवी माझ्या हातात दिली नाही. ट्रॉलीवर ठेवली. मीठ हातात दिलं की भांडण होतं असं आमच्याकडे मानतात, आणि लेक परदेशी निघालेली असताना त्यांना कसलीच जोखीम नको होती. जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधलेलं, आमच्या मिठागरातलं खडे मीठ होतं ते. नवरा, म्हणजे सचिन, हसू दाबत म्हणाला, "बाबा, तिकडेपण समुद्र आहे हो."

"समुद्र आसा रे," बाबा म्हणाले. "पण ऊन खंय आसा?"

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. बाबांचं म्हणणं खोडून काढायला स्कॉटलंडला अजून जमलेलं नाही.

शिरोड्याकडच्या खाडीवर आमचे मिठाचे वाफे होते. आई आजारी पडली तेव्हा तिच्या जागी लांब दांड्याची फळी ओढायला माणूस हवं होतं, म्हणून आठवीत माझी शाळा सुटली. कुणी जबरदस्ती केली नाही, मी रडलेही नाही. पण शिकलेल्या माणसांसमोर छातीत धडधडतं, ते तेव्हापासून. सचिन नर्स झाला, एडिनबराजवळच्या हॉस्पिटलात लागला, त्याच्या मागून मी आले. आता एका शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी आहे. आमची लेक इरा माझ्या आठवीच्या पुढच्या वर्गात गेली त्या दिवशी मी केक केला. तिने विचारलं, कशाचा? मी म्हटलं, असाच.

दर सुट्टीत येताना बॅगेत बाबांचं मीठ असायचं. दोन वर्षांपूर्वीच्या खेपेला त्यांनी दहा किलो दिलं. म्हणाले, एवढंच, वाफे बंद केले, आता पाठ वाकत नाही. ते मीठ मी घरी आल्यावर पांढऱ्या झाकणाच्या बादलीत भरलं आणि तेव्हापासून काटकसरीने वापरत आले. लोणच्याला, आमटीला शेवटची चिमूट. भात शिजवताना दुकानातलं. सचिन चिडवायचा, "सोनं ठेव त्यापेक्षा लॉकरमध्ये."

यंदा नोव्हेंबरातच बर्फ आला. इकडचे लोक सांगतात, समुद्र अजून उन्हाळ्याचा उबदार असतो आणि त्यावरून उत्तरेचा गार वारा आला की तो वाटेत ढग भरून घेतो आणि किनाऱ्यावर ओततो. आमचं गाव किनाऱ्यावर, आमची गल्ली चढावर. शनिवारपासून जे सुरू झालं ते थांबेना. तासभर ऊन, पुन्हा समुद्रावर काळी भिंत, पुन्हा भुरभूर. बसेस बंद, माझी शाळा बंद, इराची बंद. सचिन वॉर्डातच अडकला; बदलीची माणसं पोचत नव्हती. फोनवर म्हणाला, "घाबरू नकोस हं." तो असं म्हणाला की मी आधी घाबरते, मग कारण शोधते.

कारण शेजारीच होतं. मोराग. सत्तरी ओलांडलेली, एकटी. मी नवी आले तेव्हा कचऱ्याची बिन कुठल्या दिवशी कुठली बाहेर ठेवायची हे तिनेच शिकवलं, एकदाही आवाज न चढवता. मला 'हेन' म्हणते. मी खूप दिवस ते प्रेमाचं समजत होते. मग इराने सांगितलं, आई, म्हणजे कोंबडी, पण प्रेमाचंच आहे. मोरागची किडनी गेलीय. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलची गाडी तिला डायलिसिसला नेते. सोमवारची गाडी बर्फामुळे आलीच नाही. मंगळवारी निरोप आला की उद्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी येऊ, तिथपर्यंत तिला चालत यावं लागेल. तिचे पाय सुजले होते, चेहरा पिठासारखा झाला होता. बुधवार चुकवून चालणारच नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी तिच्या पायऱ्या आणि उतार साफ करायला घेतला. फावडं नव्हतं, नोव्हेंबरात कोण घेतं? गराजमधली शेल्फची फळी काढली आणि ओढायला लागले. ओढ, थांब, रास कर. हातांना विसर पडला नव्हता. इरा खिडकीतून ओरडली, "आई, यू लुक सो प्रोफेशनल!" पांढऱ्या राशी दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि क्षणभर मी कुठे आहे तेच मला कळेना. फक्त नाक लाल आणि पायात लोकरी मोजे, एवढाच फरक.

पण दुपारी ऊन आलं, ओल सुटली, आणि ऊन उतरताच पायऱ्यांवर बर्फाची काच धरली. मी एक पाऊल टाकलं आणि रेलिंगला लोंबकळले. बर्फ वितळवायला मीठ-वाळू ठेवतात ती कोपऱ्यावरची ग्रिटची पेटी कौन्सिलने अजून भरली नव्हती. दुकानात विचारलं तर मीठ कधीच संपलेलं.

साडेतीनला अंधारायला लागलं. मी देवापुढे दिवा लावत होते आणि दार वाजलं. मोराग, दोन दारांमधला कठडा धरत आलेली, गाउनवर कोट, हातात सॉसपॅन.

"हेन, यू वुडन्ट हॅव अ बिट ऑफ सॉल्ट?" आणि ओशाळून हसली, "डॉक्टरने माझ्या घरातलं सगळं मीठ बाहेर काढायला लावलं ना."

आता काय सांगू तुम्हाला. आमच्या अंगणात मिठाचे ढीग होते, पण दिवे लागल्यावर आईने चिमूटभर कुणाला दिलं नाही. "दिवे लागले की मीठ उंबऱ्याबाहेर नाय," एवढंच म्हणायची आणि दाराला कडी घालायची. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या बाकीच्या कितीतरी गोष्टी मी इकडे सोडल्या. ही राहिली होती. आणि तेही हे मीठ! पुन्हा मिळणार नाही असं.

मोरागला वाटलं, मला समजलं नाही. ती सावकाश पुन्हा म्हणाली, "सॉल्ट. फॉर द स्टेप्स."

मी आत गेले, बादली उचलली. इरा मधे उभी. "आई, नो! ती आजोबांची मीठ आहे!"

"आजोबांचं," मी म्हटलं. "आणि बूट घाल."

एक बरणी भरून बाजूला ठेवली. उरलेली बादली मी मोरागच्या हातात दिली नाही, पायपुसण्यावर ठेवली. तिने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. तेवढं तरी आमच्याकडचं राहू दे. मग इरा आणि मी मुठीमुठीने पेरत खाली गेलो, पायरी पायरी, उतार, पार गल्लीच्या तोंडापर्यंत. थोड्या वेळाने बर्फातून बारीक तडतड ऐकू यायला लागली.

बुधवारी सकाळी दगड ओला, काळा, खरखरीत होता. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने इरा, मधे मोराग. तिचा पाय एकदाही सरकला नाही. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, या रस्त्यावरचा हा एकच उतार चालण्यासारखा आहे. दुपारी ती परतली तेव्हा चेहऱ्यावर रंग होता, आणि तिथलं सूप कसं बेचव होतं याची तक्रार.

मग बाबांना फोन लावला. मीठ रस्त्यावर टाकलं, तेही दिवेलागणीला, हे सांगताना आवाज लहान झाला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग:

"बर्फ इरगाळला मगे?"

"हो बाबा. सगळा."

"इरगाळतलोच! मीठ कोणाचा?" ते इतके खूश झाले की मला आईच्या त्या कडीचं विचारायचं धाडस आलं.

"अगो चेडवा," ते म्हणाले, "आमचा मिठागर, म्हणान दिसभर लोक वाटी घेवन दारात. सांजच्या वक्ताक तरी तुझ्या आवशीन दार लावन घेवचा नाय? पण शेजारच्या काकीच्या छातीत दुखाक लागला तेव्हा रातीचा मीठ भाजून शेक देवक कोण गेला? तुझी आवसच मां!"

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा झोपले असेन.

सचिन गुरुवारी घरी आला. रिकामी बादली पाहिली आणि ती धुऊन ठेवली. बाबांचं मीठ आता एक बरणी आहे. इराला म्हटलं, तुझ्या लग्नाच्या लोणच्याला ठेवते. ती म्हणाली, आय हेट लोणचं.

तुम्ही जे तिकडे राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठेतरी थंडीत येऊन पडलात, तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. आईच्या दारात दिवसभर माणसं होती, म्हणून तिला संध्याकाळी कडी लागायची. माझ्या दाराशी अठरा वर्षांत दिवेलागणीला काही मागायला आलेलं हे पहिलं माणूस. हवामानवाले म्हणतात, रविवारी पुन्हा बर्फ आहे. साडेतीनला मी देवापुढे दिवा लावते, मग पोर्चमधला लावते, आणि कडी लावत नाही.