वाकण्याला दहापैकी दोन

आमच्या गेटवरचे मामा कुठलीही फिगर हातात आली की आधी ती उलटी करायचे. चेहरा नाही, रंग नाही. अंगठ्याने तळपाय दाबायचे, घोटा इकडून तिकडे फिरवायचे आणि म्हणायचे, "आदी पाय बगा, सायेब. तोंडं काय, समद्यांचीच बरी असत्यात."

मी मारुंजीत राहतो, हिंजवडीत नोकरी करतो आणि फावल्या वेळात कॉमिकमधल्या हिरोंच्या वीतभर उंचीच्या फिगर जमवतो. नुसत्या जमवत नाही, त्यांच्यावर व्हिडिओ करतो. दिसायला कशी, सांधे किती वळतात, कुठल्या पोजमध्ये उभी राहते, सगळ्याला दहापैकी गुण. चाळिशीतल्या माणसाने हे धंदे करावेत का, असं तुमच्या मनात आलं असेल, तर माझ्या आईचंही तेच म्हणणं आहे.

पार्सलं गेटवर यायची, त्यातून मामांशी ओळख झाली. ते खिंडीपलीकडच्या रिहे गावचे मेंढपाळ. घसरून पडण्याचं निमित्त झालं आणि गुडघा गेला. कळपामागे चालवेना, तेव्हा मेंढरं विकली आणि वॉचमनची नोकरी धरली. "खुर्चीचं काम हाय म्हनून जमतंय," असं स्वतःच सांगायचे. घरी मामा आणि मामी, दोघंच. ही नोकरी सुटली तर बसून करायची दुसरी त्यांना कोण देणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

पहिल्यांदा मी त्यांना एक भरदार छातीचा हिरो दाखवला. त्याच्या चेहऱ्याच्या रंगकामाचं व्हिडिओत तीन मिनिटं कौतुक करून झालं होतं. मामांनी त्याला नोंदवहीवर उभा केला आणि हलकेच फुंकर मारली. हिरो आडवा.

"छाती बगा केवढी आनि घोटा बगा केवढा! ह्यो कसला उबा ऱ्हातुया?"

पण तेवढ्यावर सोडलं नाही त्यांनी. खुर्चीत बसून पाव तास खटपट केली. एक पाय मागे, कंबर जराशी पुढे, मान किंचित खाली. मग पुन्हा फुंकर मारली. पठ्ठ्या हलला नाही. माझ्या कपाटात तो अजून तसाच उभा आहे.

पुढे लांब केप असलेला एक आला. केपच्या वजनाने तो सारखा मागे कलंडायचा. मामा म्हणाले, "पाठीवर घोंगडं टाकलं का भार मागं जातो. मग पुडचा गुडगा वाकवायचा. आसा." दाखवायला म्हणून ते खुर्चीतून उठले, गुडघा वाकवला आणि गेटचा गज धरून तिथेच अडकले. कपाळावर घाम आला होता. मी हात पुढे केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बावल्याला जमंल."

एका फिगरचा गुडघा दोन ठिकाणी वाकायचा. ती मात्र त्यांनी फार वेळ बघितली, वाकवून, सरळ करून, पुन्हा वाकवून. "ह्याला दोन दोन सांदं, आनि आमाला एक दिला त्योबी अडकला," म्हणाले आणि हसले. मीही हसलो.

हळूहळू माझ्या व्हिडिओंत बदल झाला. मी फिगर उलटी करून आधी पाय दाखवू लागलो, फुंकर मारू लागलो. लोकांना ते फार आवडलं. ही रीत आमच्या गेटवरच्या मामांची, हे मी एकदाही सांगितलं नाही. राहून गेलं, अशी मी माझी समजूत घालतो.

मग सोसायटीने वॉचमन पुरवणारी एजन्सी बदलली. आल्या आल्या त्यांनी गेटवरची खुर्ची उचलली. वॉचमनने उभंच राहायचं, असा नियम. मामा दोन आठवडे खांबाला टेकून उभे राहिले. मग सगळ्या वॉचमनची पाहणी ठरली आणि गुण द्यायला सोसायटीतली दोन माणसं हवी होती. "तुम्ही तर यात मुरलेले," म्हणत सोसायटीवाल्यांनी मला बसवलं. दुसऱ्या होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू.

कागदावर रकाने होते : देखावा, उभं राहणं, सलाम, वाकणं. मामा कडक इस्त्रीचा गणवेश घालून, मिशी कोरून आले. देखाव्याला मी नऊ दिले, सलामाला आठ. उभं राहण्याला सहा. मग एजन्सीचा साहेब म्हणाला, "वाकून गेटची खालची कडी लावा." ती कडी मामा रोज काठीने सारायचे. काठी वापरायची नाही म्हटल्यावर ते गज धरून हळूहळू खाली सरकले, कडी लावली, आणि त्यांना उठता येईना. आम्ही सगळे बघत थांबलो. शेवटी साहेबानेच काखेत हात घालून त्यांना उठवलं.

काकूंनी मान वर न करता सगळीकडे आठ लिहून टाकले होते. मी वाकण्याला दोन लिहिले. कुणी सांगितलं नव्हतं, हात सवयीने चालला. खरं सांगायचं तर लिहिताना एवढंच मनात आलं, की दोन बरोबर आहेत.

चार दिवसांनी मामांनी मला गेटवर गाठलं, पार्सलच्या कपाटाची किल्ली द्यायला; त्यात पार्सलं बहुतेक माझीच असायची. एजन्सीने त्यांना काढलं होतं आणि कागदही दाखवला होता.

"वाकायला दोन तुमी दिलं?"

"हो, मामा."

"बराबर हाय. म्याबी तेवढंच दिलं आसतं." त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. जायला वळले आणि थांबले. "पर सायेब, म्या तुमचं एकबी बावलं टाकून द्या म्हनलं न्हवतं."

मला तेव्हा रडू यायला हवं होतं, निदान लाज तरी. काहीच आलं नाही. मी वर गेलो, सकाळचा भात गरम केला, जेवलो, ताट घासलं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल होतो तसं सगळं अंग झालं होतं. ते अजून पुरतं उतरलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर माफी मागायला म्हणून रिह्याला गेलो. मामी अंगणात भात वाळवत होत्या.

"आत्ताच कामावर गेल्यात, शेतातल्या पायवाटंनं," त्या म्हणाल्या. "तुमच्याच वाटंवर, खिंडीपल्याड फार्महाऊसचं बांदकाम हाय. तितं राखन करत्यात. चालतच जात्यात रोज."

"आणि गुडघा?"

"दुकतुया की लई. पर तितं कोन बगाया येत न्हाई."

परत निघालो आणि खिंडीच्या अलीकडे ते दिसले. पाठमोरे. उजवा हात मांडीवर दाबून एकेक पाऊल पुढे टाकत होते. मागून गाडीचा आवाज आला तसे ते मागे न बघता डांबरावरून खाली खडीत उतरले आणि गाडीला वाट देऊन उभे राहिले. माझा पाय ब्रेकवर होता. मी तो उचलला आणि त्यांच्या शेजारून पुढे निघून गेलो.